तार दिसत नाही, पोल दिसतो

ड्रोनच्या सिम्युलेटरमध्ये समोर काय आहे हे आधीच ठाऊक असतं. झाड कुठे उभं आहे, भिंत किती उंच आहे, जमीन कुठे उतरते, हे सगळं कोणीतरी आकड्यांत लिहून ठेवलेलं असतं. प्रत्यक्ष शेतावर ड्रोन उडवणाऱ्याला ही सोय कधीच मिळत नाही. म्हणून ड्रोनला अडथळे ओळखायला शिकवायचं तर ही माहिती त्याच्यापासून लपवावी लागते. खऱ्या शेतात त्याला जेवढं दिसेल तेवढंच आणि तसंच इथेही दाखवावं लागतं. या कामाचा निम्मा कस या लपवण्यातच लागतो.

मी पुण्यात फवारणीच्या ड्रोनसाठी अडथळे ओळखण्याचं आणि टाळण्याचं सॉफ्टवेअर लिहिते. माझा बराचसा दिवस संगणकातल्या उसावर संगणकातला ड्रोन उडवण्यात जातो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सिम्युलेटरची योग्यता त्यातलं चित्र किती हुबेहूब आहे यावर ठरत नाही. ज्या वस्तूंना धडकून शेतात ड्रोन पडतात त्या वस्तू त्यात आहेत का, आणि ड्रोनला त्या शेतात जितक्या अस्पष्ट दिसतात तितक्याच तिथेही दिसतात का, यावर ठरते.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते सांगते. आम्ही आर्डूपायलट हा मुक्त स्रोत ऑटोपायलट वापरतो. जगभरातले प्रोग्रामर मिळून तो लिहितात आणि कोणालाही तो विनामूल्य घेता येतो. ड्रोनच्या छोट्या बोर्डवर जो कोड चालतो, तोच लॅपटॉपवरही चालवता येतो. दुसऱ्या बाजूला गझीबो नावाचा सिम्युलेटर असतो. त्याची सुरुवात २००२ साली अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. कुठल्या मोटरला किती जोर द्यायचा हे ऑटोपायलट सांगतो. तेवढ्या जोरानं ड्रोन किती सरकेल, किती कलेल याचं गणित गझीबो करतो आणि जायरो, जीपीएस, लिडार यांचे बनावट आकडे परत पाठवतो. आपण आकाशात आहोत की टेबलावर, हे ऑटोपायलटला कळण्याचा मार्गच नसतो. इथे ड्रोन कितीही वेळा पडला तरी पाती तुटत नाहीत आणि खाली उभ्या माणसाला इजा होत नाही. एखादी चूक नेमकी त्याच वाऱ्यात, त्याच वेगात पुन्हा घडवून बघता येते. या कामात सिम्युलेटरशिवाय पान हलत नाही ते यासाठीच.

पण हे बनावट आकडे गरजेपेक्षा फार स्वच्छ असतात. खरा लिडार प्रकाशाचा किरण सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. सिम्युलेटर फक्त एक रेषा काढतो, ती कुठल्या वस्तूला छेदते ते बघतो आणि अचूक अंतर सांगून मोकळा होतो. त्यात धूळ नसते, मावळतीचं ऊन नसतं, फवाऱ्याचं धुकं नसतं. ते सगळं आपण घालायचं असतं.

वस्तूंचंही तसंच आहे. गझीबोमध्ये प्रत्येक वस्तूची दोन रूपं असतात. एक डोळ्यांना दिसणारं, दुसरं धडक मोजण्यासाठीचं. आंब्याचं झाड पडद्यावर पानाफांद्यांसकट झोकदार दिसतं, पण धडकेच्या हिशेबात ते बहुतेक वेळा एक साधं नळकांडं असतं, कारण प्रत्येक पानाशी टक्कर मोजत बसलं तर संगणक रांगायला लागतो. गझीबोच्या जुन्या आवृत्तीत लिडारचेही दोन प्रकार होते. एक प्रोसेसरवर चालणारा, तो धडकेचं रूप बघायचा. दुसरा ग्राफिक्स कार्डवर चालणारा, तो दिसणारं रूप बघायचा. झाड एकच, ड्रोनही तोच, पण एका लिडारला नळकांडं दिसणार आणि दुसऱ्याला फांद्या. नवीन मुलं आमच्याकडे रुजू होतात तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा हेच दाखवते. सेन्सरनं काय बघितलं हे विचारण्याआधी, त्याला बघायला नेमकं काय दिलं होतं हे विचारायला शिकावं म्हणून.

झाड, भिंत, विहिरीचं काम तरी बरं असतं, कारण या वस्तू जाड असतात. शेतातला सगळ्यात मोठा शत्रू बारीक असतो. तो म्हणजे विजेची तार. खेड्यापाड्यांतल्या ११ केव्हीच्या लाइनवर 'रॅबिट' नावाची तार सर्रास असते, तिची जाडी साधारण १० मिलिमीटर. आता अंतर मोजणाऱ्या डेप्थ कॅमेऱ्याचा हिशेब करू. चित्र ६४० पिक्सेल रुंद आणि नजरेचा पसारा साधारण ९० अंश असेल, तर १० मीटरवरची ही तार चित्रात एका पिक्सेलच्या जेमतेम एक तृतीयांश जागा व्यापते. ती पूर्ण पिक्सेलभर व्हायला ड्रोन सुमारे ३ मीटरवर यावा लागतो. त्याआधी तार म्हणजे आभाळाच्या रंगात किंचित मिसळलेली करडी छटा. सिम्युलेटरच्या चित्रात ती तुटक ठिपक्यांसारखी दिसते, आणि ड्रोन जरा हलला की ठिपके जागा बदलतात.

त्यात कॅमेऱ्याची रचना आणखी गोची करते. असा कॅमेरा शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन भिंगांतून बघतो. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमांमध्ये आडवा फरक किती पडला त्यावरून तो अंतर काढतो. उभ्या खांबाची कड दोन्ही चित्रांत नेमकी कुठे आहे ते सांगता येतं. आडवी तार मात्र दोन्ही चित्रांत सारखीच आडवी रेघ असते. डावीकडच्या रेघेतला कुठला ठिपका उजवीकडच्या कुठल्या ठिपक्याशी जुळवायचा हे ठरवायला काही खूणच नसते. कॅमेरा ९० अंशांत वळवून भिंगं एकावर एक घेतली तर तार पकडता येते, पण मग उभ्या कडा निसटायला लागतात. अंतर वाढलं की चूकही वाढते, आणि ती अंतराच्या वर्गानं वाढते. २ मीटरवर ४ सेंटिमीटरची चूक असेल तर ८ मीटरवर ती ६४ सेंटिमीटर होते. हे सगळं दोष म्हणून सिम्युलेटरमध्ये मुद्दाम आणावं लागतं. नाहीतर ड्रोन पडद्यावर तारांमधून सफाईनं वाट काढतो आणि शेतात पहिल्याच तारेत अडकतो.

एक अडचण तर सिम्युलेटरची स्वतःची आहे. खऱ्या जगात वेळ अखंड वाहतो, सिम्युलेटरमध्ये तो तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. गझीबोचा नेहमीचा तुकडा एक सहस्रांश सेकंदाचा. त्या अवधीत सेकंदाला १० मीटर वेगाचा ड्रोन एक सेंटिमीटर सरकतो. काम लवकर उरकावं म्हणून कोणी हा तुकडा २० पट केला तर ड्रोन प्रत्येक पावलाला २० सेंटिमीटर उडी घेतो. या पावलाला एखादं बारीक पातं तारेच्या अलीकडे असतं, पुढच्या पावलाला पलीकडे. मधल्या क्षणी झालेली टक्कर कुठेच नोंदली जात नाही आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याचा हिरवा शेरा येतो. तारांच्या चाचण्यांना मी वेळेचा तुकडा कधीच वाढवू देत नाही. निकाल दुसऱ्या दिवशी आला तरी चालेल.

अडथळा आधी दिसावा ही धडपड मोठ्या विमानांच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वीच सुरू झाली, आणि तिचा इतिहास आमच्या कामाला थेट लागू पडतो. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९२ जण गेले. विमानात बिघाड नव्हता. ते पूर्णपणे वैमानिकांच्या ताब्यात होतं, फक्त समोर डोंगर आहे हे कोणाला कळलं नाही. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांचं आयुष्य याच कामात गेलं. ही पहिली यंत्रणा रेडिओ लहरी सरळ खाली सोडून उंची मोजायची. जमीन हळूहळू वर येत असेल तर ती वेळेवर ओरडायची. समोर एकदम उभा चढ आला तर तिला फार उशिरा कळायचं, कारण ती पुढे बघतच नव्हती. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं, त्यात १५९ जणांचा मृत्यू झाला. इशारा तिथेही वाजला होता, पण अगदी शेवटच्या सेकंदांत.

यावर बेटमन यांच्या चमूनं काढलेला उपाय असा, की जमिनीचा नकाशाच विमानात ठेवायचा. आपण कुठे आहोत हे जीपीएसवरून काढायचं, पुढे कुठला डोंगर आहे ते नकाशात बघायचं आणि जवळ पोचण्याच्या बरंच आधी सांगायचं. ज्या विमानांत ही यंत्रणा बसली त्यांचे डोंगरावर आदळण्याचे अपघात झपाट्यानं कमी झाले. अशा नकाशांना पुढे फेब्रुवारी २०००मध्ये मोठं बळ मिळालं. एन्डेव्हर यानातून ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांना अँटेना लावून नासानं ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची रडारनं मोजली. आज कित्येक सिम्युलेटरमधली जमीन याच मोजणीतून आलेली आहे. फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर लावून सह्याद्रीवरून उडून बघा. घाट, दऱ्या, पठारं ओळखू येतात. पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तिथे तसा उभा राहत नाही. तो कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, आणि एका जागेला एकच उंची लिहिणाऱ्या नकाशात असा कडा मांडायची सोयच नाही. नकाशा साधारण ३० मीटरच्या चौकोनांचा, त्यामुळे ताठ कड्याचाही उतार होतो. जिथे अख्खा कडा असा बदलतो, तिथे विजेचा पोल आणि त्यावरची तार मिळण्याची आशाच नको.

म्हणजे विमानाला नकाशानं वाचवलं, पण आमचा अडथळा कुठल्याच नकाशावर नाही, आणि सेन्सरला तो दिसतो तोवर उशीर झालेला असतो. किती उशीर, तेही मोजता येतं. औषधानं भरलेला ड्रोन ब्रेक लावताना फार कलला तर टाकीतलं पाणी उसळतं, म्हणून आम्ही कल १५ अंशांवर रोखतो. तेवढ्या कलानं वेग दर सेकंदाला सुमारे २.६ मीटर प्रति सेकंदानं उतरतो. ड्रोन ५ मीटर प्रति सेकंद वेगानं चालला असेल तर थांबायला जवळपास ५ मीटर लागतात. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचे ०.४ सेकंद धरले तर आणखी २ मीटर, म्हणजे एकूण ७ मीटर. आणि तार तर ३ मीटरवर आल्यावर नीट दिसते. त्या अंतरात थांबायचं तर वेग ३ मीटर प्रति सेकंदाच्या वर परवडत नाही, तोही तार आणि पातं यांच्यात काहीच फट न ठेवता. इतक्या हळू फवारणी केली तर एका बॅटरीत होणारं शेत बरंच कमी होतं, आणि शेतकरी पुन्हा पाठीवरच्या पंपाकडे वळतो.

ब्रेक लावण्यातच आणखी एक खोच आहे. वेग कमी करताना ड्रोन नाक वर उचलतो. पुढचा कॅमेरा त्याच्या अंगालाच घट्ट बसवलेला असतो, म्हणून अडथळ्यावर नजर ठेवण्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी तो आभाळ बघायला लागतो. वेग घेताना नाक खाली जातं आणि समोरचा ऊसच त्याला अडथळा वाटतो. टाकी अर्धी रिकामी असली की आतलं पाणी ब्रेकच्या वेळी पुढे धावतं आणि ड्रोनला पुढे ढकलतं. आम्ही सिम्युलेटरमध्ये पाण्याऐवजी एक लंबक टांगला आणि टाकी रिकामी होत जाईल तसं त्याचं वजन आणि लांबी बदलली. तेव्हा कुठे पडद्यावरचा ड्रोन शेतातल्यासारखा डचमळत थांबायला लागला.

या सगळ्या गणिताला उत्तर मिळालं ते सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या बांधावर. तिथल्या तारांची मोजमापं घ्यायला आम्ही गेलो होतो. गावातले वायरमन काका सोबत आले होते. कुठला फीडर कधी बंद असतो, उन्हाळ्यात कुठल्या तारेला जास्त झोळ पडतो, कुठल्या पोलाचा स्टे, म्हणजे पोलाला ताणून धरणारी तार, बांधावर तिरकी खाली येते, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमचा कॅमेरा आणि त्यातलं ठिपक्याठिपक्यांचं चित्र त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले,

"मॅडम, तार कशाला शोधताय? तार आम्हालासुद्धा लांबून दिसत नाही. पोल बघा. एक पोल दिसला की दुसरा असणार, आणि दोन पोल दिसले की मधे तार असणारच."

हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनाही हेच शिकवतात. तार शोधत बसू नका, खांब शोधा, आणि लाइन ओलांडायचीच असेल तर खांबाच्या वरून ओलांडा, कारण तार सगळ्यात वर कुठे आहे हे तिथे खात्रीनं कळतं. जगभरातल्या वैमानिकांचा हा धडा काकांना रोजच्या कामातून मिळाला होता. पोल वीतभर जाडीच्या आसपास असतो, उभा असतो, आणि कॅमेऱ्याला तसंच लिडारला तो १५-२० मीटरवरून दिसू शकतो. आम्ही प्रोग्रामची मांडणी बदलली. दोन पोल दिसले की त्यांच्यामध्ये ड्रोन स्वतःच एक अदृश्य भिंत उभी करतो. भिंतीची वरची कड पोलाच्या टोकापाशी आणि खालची कड तारेच्या झोळाच्याही खाली. पोलांमधलं अंतर दुप्पट झालं आणि ताण तोच राहिला तर झोळ चौपट होतो, म्हणून लांब गाळ्यांमध्ये भिंत खाली जास्त उतरते. पोलाच्या वरच्या भागातून जमिनीकडे जाणारा तिरका स्टे सगळ्यात फसवा. तो पोलापासून काही पावलांवर, पिकाच्या उंचीला असतो. त्यासाठी प्रत्येक पोलाभोवती एक राखीव वर्तुळ धरलं. आता ड्रोन ३ मीटरवरच्या तारेसाठी न थांबता १५ मीटरवरच्या पोलांवरून सावध होतो, आणि ५ मीटर प्रति सेकंद वेगातही त्याला थांबायला पुरेशी जागा उरते.

त्याच बांधावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. फवारणीचा ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण ३ मीटरवर उडतो. ऊस कमरेएवढा असताना तो जमिनीपासून ४ मीटरवर असतो आणि तारांच्या खालून निघून जातो. ऊस ३ मीटर झाला की तोच ड्रोन, तेच शेत, तोच आखलेला मार्ग, पण उंची ६ मीटर, म्हणजे नेमकी झोळ पडलेल्या तारांच्या पातळीवर. सुरुवातीच्या फवारणीला जो मार्ग निर्धोक होता, तोच काही महिन्यांनी धोक्याचा होतो. म्हणून आमच्या सिम्युलेटरमधला ऊस आता वाढतो. प्रत्येक मार्गाची चाचणी पिकाच्या निरनिराळ्या उंचीला होते. तासगावकडच्या द्राक्षबागांसाठी मांडवाच्या तारा घातल्या, पाखरांना हाकायला बांधलेल्या चमकत्या पट्ट्या घातल्या. पट्टी वाऱ्यानं फडफडते आणि ऊन परावर्तित करते, त्यामुळे कॅमेरा क्षणभर आंधळा होतो.

अडथळा कळल्यावर काय करायचं, हा यानंतरचा प्रश्न. यंत्रमानवशास्त्रात यावर खूप काम झालं आहे. ओसामा खातिब यांनी १९८६ साली मांडलेली कल्पना आजही पहिल्यांदा शिकवली जाते. जिथे जायचं ते ठिकाण ड्रोनला ओढतं, अडथळे त्याला ढकलतात, आणि दोन्हींच्या बेरजेत जी दिशा येईल तिकडे तो जातो. पद्धत देखणी आहे, गणितही हलकं आहे. पण इंग्रजी यू अक्षरासारख्या आकाराच्या झाडीत शिरला की ओढ आणि ढकल सारखी होते आणि ड्रोन तिथेच अडकतो. आर्डूपायलटमधली एक पद्धत वेगवेगळ्या दिशांना नजर टाकून सगळ्यात मोकळी दिशा निवडते. दुसरी, डच गणिती डाइक्स्ट्रा यांच्या १९५९च्या रीतीनं, आधी सगळ्या वाटांचा हिशेब करून सगळ्यात जवळची निर्धोक वाट काढते. आम्ही या सगळ्या वापरून बघितल्या. माझं मत असं झालं, की फवारणीच्या ड्रोननं तारेपाशी कुठलीही हुशारी करू नये. थांबावं, माणसाला सांगावं, आणि माणूस सांगेल ते करावं. वळसा घालताना औषध शेजारच्या शेतात पडतं, आणि एका तारेला वळसा घालताना दुसरी समोर येऊ शकते.

पण हे थांबणं मोजूनमापून असायला हवं. विनाकारण थांबणारा ड्रोनही धोकादायकच असतो. विमानांतल्या पहिल्या इशारा यंत्रणा कारण नसताना इतक्यांदा वाजायच्या, की वैमानिकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडायला लागला होता. शेतातही तेच होतं. उसाच्या पात्याला अडथळा समजून ड्रोन चार वेळा थांबला, की पाचव्या वेळी चालक अडथळे टाळण्याची सोयच बंद करून टाकतो. म्हणून रोज रात्री आमच्या सर्व्हरवर ज्या चाचण्या चालतात, त्यांत आम्ही टक्कर झाली का एवढंच बघत नाही. प्रत्येक उड्डाणात अडथळ्यापासून कमीत कमी किती अंतर उरलं, आणि विनाकारण किती वेळा थांबला, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडतो. एक आकडा सुधारताना दुसरा बिघडला तर तो बदल आम्ही घेत नाही.

चालकांकडून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हापासून शेतात भेटणाऱ्या चालकांमध्ये बायकांची संख्या वाढली आहे. त्यांच्यातल्या एका ताईंनी प्रशिक्षणाच्या वेळी मला विचारलं, "ताई, बॅटरी उतरली की हा आपणहून घरी येतो ना? मग वर चढताना तो वर बघतो का?"

बघत नाही. पुढे, मागे आणि खाली सेन्सर असतात, वर नसतो. घरी परतायची आज्ञा मिळाली की आर्डूपायलट, कोणी वेगळं सांगितलं नसेल तर, आधी १५ मीटरपर्यंत सरळ वर चढतो आणि मग सरळ रेषेत घरी येतो. तारेखाली काम करणाऱ्या ड्रोनसाठी ही वाट तारेतूनच जाते. त्या ताईंच्या प्रश्नावरून आम्ही चाचण्यांचा एक वेगळा गट तयार केला. ड्रोनला तारेखाली आणायचं, तिथे बॅटरी उतरवायची आणि काय होतं ते बघायचं. आता आमचा ड्रोन जवळ पोल असतील तर आल्या वाटेनंच परत येतो, कारण ती वाट मोकळी असल्याचा पुरावा त्याच्याकडे असतो. ही सोय ऑटोपायलटमध्ये होतीच, ती कधी वापरायची हे ठरवायचं होतं. परतीची वाट लांबते, म्हणून परतायची आज्ञाही थोडी जास्त बॅटरी शिल्लक असतानाच द्यावी लागते.

अभियांत्रिकीच्या मुलामुलींना, विशेषतः सिम्युलेटरवर प्रकल्प करणाऱ्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमचं तयार झाडांचं, तयार इमारतींचं जग खूप छान दिसतं, पण त्यात आपल्या शेतातल्या तारा नाहीत. एकदा बांधावर जा, वायरमनशी बोला, पोल मोजा, स्टे कुठे पुरला आहे ते बघा आणि ते सगळं तुमच्या जगात आणा. तुमच्या ड्रोनला दिसू नये ते दिसत असेल तर ते काढून घ्या. आणि ड्रोन चालवणाऱ्या ताईदादांनो, उडवण्याआधी शेताला एक फेरी पायी मारा, पोल मोजा, आणि पीक वाढलं असेल तर मागच्या वेळचा मार्ग तसाच वापरू नका. कधी तार थोडक्यात चुकली, तर "वाचलो" म्हणून विसरू नका. जागा, उंची, पिकाची वाढ आणि वेळ लिहून ड्रोन बनवणाऱ्यांना कळवा. तुमच्या त्या चार ओळींवरून सिम्युलेटरमध्ये एक नवी चाचणी तयार होते, आणि पुढचा ड्रोन तिथे पडत नाही.